मदत हवी आहे: किल्लीशिवाय कुलूप उघडायला शिकतेय, चौथ्या पिनवर अडकलेय

लालबागकरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा वेगळा आहे, म्हणून आधी थोडं मागचं सांगते.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत बाबांच्या लोखंडी कपाटाची किल्ली सापडेना. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली, त्यांच्यामागे ते कपाट कोणी उघडलंच नव्हतं. नाक्यावरच्या चावीवाल्यांना बोलावलं. मला वाटलं ड्रिल लावतील. त्यांनी एक कोरी किल्ली आत घातली, दाब देऊन हलवली, बाहेर काढून उजेडात धरली, कानशीचे दोन हात मारले, परत घातली. असं दहा-बारा वेळा. दर वेळी किल्लीवर कुठेतरी बारीक खूण उमटायची आणि ते बरोबर तेवढंच घासायचे. वीसेक मिनिटांत कपाट उघडलं. मी शेजारी स्टूल घेऊन बसले होते, हलले नाही.

आत कागदपत्रं होती आणि एका बिस्किटाच्या डब्यात सात जुनी कुलपं, एकालाही किल्ली नाही. बाबा गिरणीत फिटर होते. ही कुलपं त्यांनी का जपून ठेवली ते आता विचारायला कोणी नाही. चावीवाल्यांना म्हटलं, मला शिकवाल का? ते म्हणाले, "ताई, हा आमच्या पोटाचा धंदा आहे." त्यांचं बरोबरच आहे.

पण ते डोक्यातून जाईना. ऑनलाइन सरावाचं पारदर्शक कुलूप आणि हत्यारांचा संच मागवला, म्हणजे ताण द्यायची एक पट्टी आणि पिना उचलायचे आकडे. पारदर्शक कुलूप दुसऱ्या दिवशी उघडलं. त्या क्लिकचा आनंद कसा सांगू! मग नागदेवीला जाऊन दोन पितळी कुलपं आणली, दोन्ही पाच पिनांची (पिना म्हणजे आतल्या बारीक खुंट्या, ज्या किल्ली बरोबर उंचीला उचलते), एक साधं, एक जरा महाग. तीन आठवडे झाले, दोन्ही बंदच. साध्यात तीन पिना जागेवर बसतात, चौथीला हात लावला की सगळ्या खाली येतात. महागात उलटंच होतं: गाभा, म्हणजे किल्ली जाते तो फिरणारा भाग, केसभर फिरतो आणि तिथेच रुतून बसतो. आणि बाबांच्या कुलपांत तर माझी हत्यारं नुसतीच फिरतात, कशाला लागत नाहीत.

दुसरी अडचण माणसांची. आमची चाळ. संध्याकाळी गॅलरीत उजेड बरा असतो म्हणून तिथे बसायचे. चार दिवसांत आईच्या कानावर आलं, "तुमची मुलगी कुलपं फोडायला शिकतेय." आईने ते मनाला लावून घेतलंय, रात्री जेवताना माझ्याशी नीट बोलली नाही. त्यात माझा बारा वर्षांचा मुलगा रोज शेजारी येऊन बसतो, त्याचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. त्याला शिकवू की नको? आणि हे सामान घरात ठेवणं, पिशवीत घालून लोकलने नेणं, यात कायद्याची काही भानगड आहे का?

जुना फिटर

ताई, तुमच्या वडिलांच्याच धंद्यातला मी. पस्तीस वर्षं टूलरूममध्ये काढली, कुलपांचा नाद निवृत्तीनंतर लागला.

तुम्ही ताण जास्त देताय. पट्टीवर बोट ठेवलंत की नखाकडे बघा. नख पांढरं पडत असेल तर दाब दुप्पट-तिप्पट झालाय असं समजा. नुसतं बोटाचं वजन पडलं पाहिजे. आणि तुम्ही पिना १, २, ३ अशा ओळीने उचलत असणार, पारदर्शक कुलपाने ती सवय लावलेली असते. खऱ्या कुलपात ओळ नसते. गाभ्यातली भोकं पाडताना ती तंतोतंत एका रेषेत पडत नाहीत, केसाच्या अंशाने मागेपुढे होतात. म्हणून ताण दिला की पाचही पिना एकदम आवळत नाहीत, एकच आवळते. ती शोधायची. बाकीच्या स्प्रिंगवर नाचतात, ती एकटी घट्ट लागते. प्रत्येक भोकात खालची आणि वरची अशा दोन पिना असतात. वरची पिन गाभा आणि बाहेरच्या कवचामधल्या फटीच्या पार जाईपर्यंत तिला उचला. बारीक टिक् येईल, मग दुसरी आवळेल. तुमच्या कुलपात चौथी कदाचित सगळ्यात आधी यायची असेल. ती शेवटी ठेवलीत म्हणून आधीच्या तीन खोट्या बसल्या.

महागड्या कुलपाची गोष्ट निराळी. केसभर फिरून रुततं म्हणजे आत कंबरेत बारीक केलेली वरची पिन आहे, शिवणाच्या दोऱ्याच्या रिळासारखी. तिला रिळाची पिन म्हणा, स्पूल म्हणा. तिची कंबर फटीत अडकते आणि कुलूप उघडल्याचा भास होतो. तिथे जोर लावलात तर तिथेच राहाल. ताण किंचित सैल करून ती पिन हळू वर ढकला, गाभा उलटा फिरल्यासारखा वाटेल, बोटाला ते जाणवतं. फिरू द्या. भीतीने ताण सोडलात तर सगळं पडेल. मला हे जमायला दीड महिना लागला होता.

पण ही दोन्ही कुलपं तूर्तास बाजूला ठेवा. सुताराकडून किंवा भंगारवाल्याकडून दरवाजाच्या लॅचचा जुना सिलिंडर घ्या, किल्लीसकट. तो खोलता येतो. सगळ्या पिना काढून फक्त एक ठेवा. उघडा. मग दोन, मग तीन. हे काम मोठ्या पारदर्शक पिशवीत हात घालून करा, नाहीतर स्प्रिंगा उडून पलंगाखाली जातील आणि त्या परत मिळत नाहीत. आणि कुलपात खोबरेल घालू नका, आपल्याकडची धूळ त्याला चिकटते आणि पावसाळ्यात चिखल होतो. पेन्सिलीच्या शिशाची पूड पुरते.

वडिलांच्या कुलपांचा एक फोटो टाका.

सांताक्रूझ ईस्ट

स्पष्ट बोलतो, राग नसावा. घरफोड्यांच्या बातम्या रोज येतात. अशा गोष्टी उघड लिहून आपण चोरांनाच शिकवत नाही का?

लालबागकरीण

राग नाही, आईचा प्रश्नही हाच आहे. पण त्याच बातम्या नीट वाचल्या तर वाक्य एकच असतं, "कडीकोयंडा उचकटून आत प्रवेश केला." कटावणीने कोयंडा निघायला मिनिट लागत नाही. ज्याला चोरी करायची आहे तो नखाच्या रंगाकडे बघत तीन आठवडे कशाला बसेल? मला मात्र हे शिकल्यावर कळलं की आमच्या दाराचं कुलूप चांगलं आहे आणि कोयंडा दोन गंजलेल्या स्क्रूंवर उभा आहे. तो बदलून घेतला.

वकील, गिरगाव

कायद्यापुरतं सांगतो. स्वतःच्या मालकीचं कुलूप स्वतःच्या घरात उघडणं हा गुन्हा नाही. पण महाराष्ट्र पोलीस कायदा, १९५१ चं कलम १२२ वाचून ठेवा. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीचं हत्यार जवळ सापडलं आणि त्याचं कायदेशीर कारण देता आलं नाही, तर शिक्षा होऊ शकते. यातला महत्त्वाचा भाग असा की कारण सिद्ध करायची जबाबदारी ज्याच्याजवळ ते सापडलं त्याच्यावर असते. म्हणजे संध्याकाळच्या लोकलमध्ये पर्समध्ये सुटे आकडे घेऊन फिरू नका. न्यायचंच असेल तर दिवसा न्या, सरावाची कुलपं आणि खरेदीची पावती त्याच डब्यात ठेवा.

दुसऱ्या कोणाच्या कुलपाला त्यांनी स्वतः सांगितल्याशिवाय हात लावू नका. चाळीत तर मुळीच नको. मजल्यावर उद्या काही गेलं, तर पहिलं नाव कोणाचं निघेल याचा विचार करा. हे कडू वाटेल, पण सांगणं भाग आहे.

ठाण्याची अनु

मुलाबद्दल मी लिहिते, माझी मुलगी नऊ वर्षांची असल्यापासून हे करते.

हा छंद नीट संघटित झाला तो जर्मनीत. १९९७ मध्ये हॅम्बुर्गला कुलूप उघडणाऱ्यांची संघटना निघाली, २००२ मध्ये नेदरलँड्समध्ये टूल नावाची निघाली. तिथे स्पर्धा होतात, घड्याळ लावून. जगभर या मंडळींचे नियम दोनच. जे कुलूप तुझं नाही ते मालकाच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही. आणि जे वापरात आहे ते उघडायचं नाही, मग ते तुझं स्वतःचं का असेना. दुसरा नियम लोक विसरतात. सरावात आतली पिन झिजली किंवा आकडा मोडून आत राहिला, तर रात्री अकरा वाजता दाराबाहेर उभं राहावं लागतं.

मी मुलीला हे दोन नियम आधी पाठ करायला लावले, हत्यार नंतर दिलं. हत्यारं माझ्या कपाटात असतात, मागून घ्यायची. शाळेत न्यायची नाहीत, मित्राच्या सायकलच्या कुलपाला लावायची नाहीत. एकदा नियम मोडला तर वर्षभर बंद. तिने मोडला नाही. ताई, मुलाला शिकवाच. तो लपून शिकण्यापेक्षा तुमच्या शेजारी बसून शिकलेला बरा.

आणि आईंना एक गोष्ट सांगा. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने तिथली दोन नावाजलेली कुलपं उघडून दाखवली. चबचं २५ मिनिटांत. ब्रामाचं कुलूप दुकानाच्या खिडकीत वर्षानुवर्षं २०० गिनींच्या पैजेसह ठेवलेलं होतं, त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. बरीच आरडाओरड झाली, पण त्यानंतर कुलपं सुधारली. उघडून बघणारा कोणी नसता तर ती तशीच राहिली असती.

जुना फिटर

फोटो बघितला. ताई, यातली पाच लिव्हरची कुलपं आहेत, त्यात पिना नसतातच. पितळेच्या चपट्या पानांची थप्पी असते, प्रत्येक पान आपापल्या उंचीला आलं की त्यांच्या खाचा एका रेषेत येतात आणि बोल्ट सरकतो. म्हणून तुमचा आकडा नुसता फिरतोय. याला दोन तारा लागतात, एक बोल्टला ताण द्यायला, दुसरी पानं एकेक उचलायला. सायकलचा जाड स्पोक कानशीने घासून दोन्ही होतात. तुमच्या चावीवाल्यांनी कपाटाच्या कोऱ्या किल्लीवर ज्या खुणा बघितल्या त्या बहुधा अशाच पानांच्या. घाई नको, आधी पिना.

आणि तुम्ही लालबागच्या. अर्देशिर गोदरेजनी १८९७ मध्ये कुलपं बनवायला सुरुवात केली ती लालबागलाच. वकिली सोडून आलेला माणूस. तुमच्या वडिलांच्या डब्यात त्या परिसराचंच काही निघालं तर मला आश्चर्य वाटणार नाही.

लालबागकरीण

सगळ्यांना उत्तर द्यायला महिना लागला.

डिलाईल रोडच्या एका सुतारकाकांनी जुना सिलिंडर फुकट दिला. एका पिनपासून सुरू केलं. नख बघायची सूचना कामी आली, मी खरंच बोट पांढरं करत होते. चार पिनांपर्यंत पोचले आणि मग साधं पितळी कुलूप परत हातात घेतलं. फिटरकाका, चौथीच पहिली होती. मग दुसरी, पाचवी, पहिली, तिसरी. मुलाने वहीत क्रम लिहून ठेवलाय. महागडं अजून बंद आहे, पण गाभा उलटा फिरतो तेव्हा आता मी घाबरत नाही.

गॅलरीत बसणं बंद केलं होतं. मग आईच म्हणाली, लपून बसलीस तर जास्त बोलतील. आता दार उघडं ठेवून आतल्या खोलीत टेबलावर बसते, ज्याला बघायचं तो येऊन बघतो. हॉब्जची गोष्ट आईला सांगितली, तिने बिस्किटाचा डबा मागून घेतला आणि एकेक कुलूप पदराने पुसून ठेवलं. एक हिरवट पडलेलं तिने ओळखलं. ते गिरणीतल्या बाबांच्या हत्यारांच्या पेटीचं, संपाच्या वेळी ती पेटी घरी आणली होती. तेवढं एक तरी मला उघडायचंय. स्पोक आणलेत, घासायला घेते.

परवा ज्या काकूंनी बातमी पसरवली त्याच दारात आल्या. माळ्यावरच्या ट्रंकेची किल्ली हरवली होती, "तू उघडशील का गं?" ट्रंक त्यांची, परवानगी त्यांचीच. पण कुलूप वापरातलं आणि आत सुनेचे दागिने. अनुताईंचा दुसरा नियम आठवला. मी नाही म्हटलं आणि नाक्यावरच्या चावीवाल्यांना फोन लावून दिला. ते आले, काम केलं, जाताना आमच्या टेबलाशी थांबले. मुलाच्या वहीतला क्रम वाचला आणि म्हणाले, "लिव्हरचं करताना कानस बारीक दाताची घ्या."

फिटरकाका, बारीक म्हणजे किती नंबरची, तेवढं सांगाल का?