प्रतिसाद: ०.१६ ला १.७३ ने गुणू नका
पफ (पॉलियुरेथेन फोम, म्हणजे उष्णतारोधक फोम) किती उष्णता वाहू देतो, त्याचा कॅटलॉगमधला आकडा ०.१६ वॅट प्रति मीटर-केल्विनमध्ये आणायला तुम्ही १.७३ ने गुणलात, म्हणून ०.२८ आले. इतकी उष्णता वाहू देणारा पफ नसतोच! कॅटलॉगमधलं एकक नीट वाचा: बीटीयू-इंच प्रति तास-चौरस फूट-फॅरनहाइट (बीटीयू हे उष्णतेचं ब्रिटिश एकक). यात जाडी इंचात आहे. १.७३ हा गुणक जाडी फुटात असेल तेव्हाचा. इंचासाठी त्याचा बारावा भाग, म्हणजे ०.१४४. उत्तर ०.०२३ वॅट प्रति मीटर-केल्विन, आणि पफसाठी ते अगदी योग्य आहे.

वर कुणीतरी सेल्सिअसचं केल्विन करायला २७३ मिळवायला सांगितलंय, ते कृपया करू नका. इथे तापमानातला फरक मोजतात आणि एक अंश सेल्सिअसचा फरक म्हणजे एक केल्विनचाच. जुन्या पुस्तकांत किलोकॅलरी प्रति तास-मीटर-अंश सेल्सिअस दिसलं, तर १.१६३ ने गुणा.