होम थिएटरसाठी खोली हवी आहे : रावेतचा ३ बीएचके घ्यावा की तळेगावचं रो हाउस?

सांगवीकर_सूर:
नमस्कार मंडळी, घर घ्यायचं चाललंय आणि दोन पर्यायांवर गाडी अडकलीय. पहिला पुण्याजवळ रावेतला, बांधकाम चालू असलेला टॉवर, ३ बीएचके, तिसरी बेडरूम नकाशात १० बाय ११ फूट आणि हॉल ११ बाय १७. दुसरं तळेगाव दाभाडेला रिसेलचं रो हाउस, खाली हॉल-किचन आणि एक खोली, वर दोन बेडरूम आणि गच्चीवर पत्र्याचं छत असलेली १२ बाय १६ ची मोठी खोली. एजंट म्हणतो इथे तुमचं थिएटर एकदम झकास होईल. पैशाला दोन्ही जवळपास सारखंच पडतंय.

माझ्याकडे ५.१ चा सेट आहे, म्हणजे पाच स्पीकर, ते चालवणारा रिसिव्हर आणि खालच्या घुमणाऱ्या आवाजासाठी १२ इंची सबवूफर, पुढे छतातले दोन स्पीकर वाढवून ५.१.२ अ‍ॅटमॉस करायचं, म्हणजे आवाज वरूनही यावा, असं मनात आहे. सध्या भाड्याच्या घरात हॉलमध्येच लावलंय आणि रात्री जरा आवाज चढवला की खालचे काका बेल वाजवतात, त्यांचंही बरोबरच आहे, वयस्कर माणसं आहेत. आई-बाबा आमच्याबरोबर राहतात त्यामुळे त्यांना खोली आधी, थिएटर नंतर, हे नक्की. घर बघतानाच नेमकं काय तपासायचं म्हणजे नंतर भिंतींवर लाखभर रुपये घालत बसावं लागणार नाही?

नादब्रह्म_नाशिक:
दादा, टीव्ही केवढा आणि प्रोजेक्टर कुठला हे सगळं नंतर, आधी खोलीचा आकार बघा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही जवळजवळ सारखी असली की बेस, म्हणजे खालच्या सुरांचा आवाज, बिघडतो, आणि १० बाय ११ ला स्लॅबची उंची साडेनऊ-दहा धरली तर ती खोली जवळजवळ ठोकळाच झाली. हिशोब सोपा आहे. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, त्याला खोलीच्या मापाच्या दुपटीने भागायचं. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर, उत्तर येतं ५६ हर्ट्झ, म्हणजे त्या सुराला खोली सगळ्यात जास्त घुमते. ११ फुटाचं येतं ५१. म्हणजे तिन्ही दिशांचा घुमारा ५०-६० च्या आसपासच गोळा होणार, आणि सिनेमातले धमाके, ढोल, इंजिनची घरघर सगळं याच पट्ट्यात असतं. एक सूर अंगावर येईल आणि बाजूचा गायब. १२ बाय १६ ला तेच आकडे ४७ आणि ३५ येतात, उंचीचा वेगळा, म्हणजे भार वाटला जातो.

दुसरं म्हणजे बसायची जागा. सोफा मागच्या भिंतीला चिकटवायचा नाही, तिथे बेस फुगतो आणि मागच्या स्पीकरला जागाच उरत नाही. कानामागे निदान तीन फूट मोकळे पाहिजेत. आता ११ फुटात मागे तीन सोडले तर डोळ्यापासून पडदा ८ फुटावर, तिथे ७५ इंची टीव्ही अगदी छान बसतो, १०० इंची पडदा मात्र अंगावर येईल. १०० इंचीला १० फूट अंतर धरा, पडद्याचीच रुंदी सव्वासात फूट होते. म्हणून मी तरी १४ फुटापेक्षा कमी लांबीच्या खोलीत प्रोजेक्टर सुचवत नाही. आणि दार कुठे आहे तेही बघा हो, नकाशात कोणी बघतच नाही, पुढच्या भिंतीच्या कोपऱ्यात दार आलं की डावा स्पीकर ठेवायचा कुठे?

साइटवरचा_माणूस:
वरचं सगळं बरोबर, मी भिंतींबद्दल सांगतो, रोजचं काम आहे. रावेतचा टॉवर मायवान शटरिंगमध्ये आहे का ते पहिलं विचारा. मायवान म्हणजे धातूचे साचे लावून भिंती पण काँक्रीटच्याच, स्लॅबबरोबर ओतलेल्या. आवाज अडवायला वजन लागतं आणि काँक्रीट जड, त्या हिशोबाने शेजारचा टीव्ही किंवा बोलणं कमी येतं. पण सबवूफरची थरथर स्लॅबमधून आणि भिंतीतून पसरते, ती तिथे थांबत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अशा भिंती नंतर फोडता येत नाहीत, त्या इमारतीचा भार घेतात. मागच्या स्पीकरची वायर, प्रोजेक्टरची केबल, सगळ्याचे पाइप काँक्रीट ओतायच्या आधी पडायला हवेत. तुमचा मजला अजून झाला नसेल तर बिल्डरकडे लेखी मागा, ऐकतीलच असं नाही, ठरलेल्या ड्रॉइंगच्या बाहेर जायला साइटवाले सहसा तयार नसतात. मजला झाला असेल तर विषयच संपला, मग पट्टी टाकून बाहेरून वायरिंग.

मायवान नसेल तर आतल्या भिंती बहुतेक ४ इंची हलक्या ब्लॉकच्या असणार, सिपोरेक्स म्हणतात ते. विटेच्या मानाने वजन साधारण एक तृतीयांश, त्यामुळे बेडरूम टू बेडरूम आवाज जातो. बोटाच्या सांध्याने ठोकून बघा, पोकळ ऐकू येतं. दारंही बघा, पोकळ फ्लश डोअर, म्हणजे सपाट प्लायचं दार, आणि खाली बोटभर फट असली तर भिंत कितीही जाड करा, आवाज तिथूनच जाणार. फोमचे चौकोन चिकटवून शेजाऱ्यांचा त्रास थांबतो हा गैरसमज डोक्यातून काढा, फोम खोलीतला घुमारा कमी करतो, आवाज अडवत नाही.

आता ती गच्चीवरची खोली. मंजूर नकाशात आहे का? पत्र्याचं छत म्हणताय म्हणजे बहुतेक मागाहून चढवलेली. नगरपरिषदेचा मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र मागा आणि खोली त्यात दिसते का स्वतः बघा. नसेल तर बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे कर्जासाठी घराची किंमत ठरवणारा माणूस, ती धरणार नाही आणि उद्या पाडायची नोटीस आली तर तुमची सगळी गुंतवणूक पत्र्याखाली. एजंटच्या शब्दावर या एका बाबतीत अजिबात जाऊ नका.

मावळची_माहेरवाशीण:
माझं माहेर तळेगाव स्टेशनच्या बाजूला, म्हणून पावसाचं सांगते. तळेगावला पुण्यापेक्षा बराच जास्त पाऊस, लोणावळा जवळच. जुलै-ऑगस्टमध्ये पत्र्यावर पाऊस सुरू झाला की समोर बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथे सिनेमातले संवाद काय ऐकणार? आणि एप्रिल-मेमध्ये दुपारी तीच खोली भट्टी. पत्र्याखाली जाड इन्सुलेशन, फॉल्स सीलिंग, एसी एवढं सगळं केलं तरच बसवेल, आणि तो खर्च लहान नाही.

ओलीचं पण बघा. वीस-पंचवीस वर्षांच्या रो हाउसमध्ये वरच्या मजल्याच्या भिंतींना पोपडे असतात, विकायच्या आधी रंग मारून घेतात. कपाट पुढे ओढून मागची भिंत बघा, स्विचबोर्डच्या कडेला पिवळट डाग असतील तर पाणी वायरिंगपर्यंत आलंय. स्पीकरच्या कागदी कोनला आणि प्रोजेक्टरच्या लेन्सला बुरशी फार लवकर धरते. शक्य असेल तर व्यवहार एक पावसाळा दिसेपर्यंत थांबवा.

आणि रेल्वे लाइन किती लांब आहे ते विचारा. लोकल असतातच, एक्स्प्रेस, मालगाड्या तर रात्रभर. आम्हाला जन्मापासूनची सवय म्हणून काही वाटत नाही, पण हळू सीनमध्ये ती घरघर येतेच.

अजून एक मनापासून सांगते, आई-बाबांना तळमजल्याची खोली लागणार. थिएटर गच्चीवर नेलं तर दोन जिने चढून ते कधी येणारच नाहीत. रविवारी सगळ्यांनी मिळून सिनेमा बघायचा असेल तर ती खोली घरातल्या म्हाताऱ्या माणसाला गाठता आली पाहिजे.

सांगवीकर_सूर:
ताई, शेवटचा मुद्दा खरंच लक्षात आला नव्हता, बाबांचे गुडघे आत्ताच दुखतात. गच्चीची खोली मग माझ्या डोक्यातून गेलीच म्हणा. आज बिल्डरच्या ऑफिसला फोन केला, बांधकाम मायवानच आहे, आणि दोन फ्लॅट उरलेत, एक अकराव्या मजल्यावर आणि एक पार्किंगच्या लगेच वरचा. अकराव्यावरून मोकळा देखावा दिसतो म्हणून बायकोला तो आवडलाय. थिएटर ११ बाय १७ च्या हॉलमध्येच करावं असं आता वाटतंय. मजल्याने काही फरक पडतो का?

नादब्रह्म_नाशिक:
पडतो, आणि फार पडतो. पार्किंगच्या वरच्या घराखाली कोणी झोपत नाही. सबवूफरचा सगळ्यात जास्त त्रास खालच्याला, तोच प्रश्न संपला. वरचे आणि शेजारचे राहतात, पण अर्ध लढाई जिंकलात. फक्त त्या फ्लॅटखाली पाण्याचे पंप किंवा जनरेटर आहे का ते सर्व्हिस ड्रॉइंगमध्ये, म्हणजे पाणी-विजेच्या नकाशात, बघून घ्या. तुमच्या हॉलची भिंत पलीकडच्या फ्लॅटच्या कुठल्या खोलीला लागते तेही बघा. त्यांच्या हॉलला किंवा किचनला लागत असेल तर चालेल, बेडरूमला लागत असेल तर सबवूफर त्या भिंतीपासून लांब ठेवायची तयारी ठेवा. लिफ्टचा शाफ्ट लागून नको. निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ची मर्यादा ४५ डेसिबल आहे, तेव्हा उशिराचा सिनेमा कमी आवाजातच बघायचा, कुठलंही घर घेतलं तरी.

१७ फूट लांबी मस्त आहे, पडदा ११ फुटाच्या भिंतीवर घ्या, सोफा १० फुटावर, मागे जेवणाचं टेबल जाईल. बाल्कनीच्या काचेच्या दाराला दुहेरी जाड पडदा लागेल, दिवसा उजेडासाठी आणि काचेवरून आवाज उसळू नये म्हणून.

साइटवरचा_माणूस:
त्या खालच्या मजल्याचा स्लॅब ओतून झालेला असणार, म्हणजे तुमच्या मनासारखे पाइप मिळायचे नाहीत. पण हॉलमध्ये फॉल्स सीलिंग करणार असाल तर मागचे आणि वरचे स्पीकर सगळे त्यातून नेता येतात, भिंत फोडायचं काम नाही. पीओपीवाल्याच्या आधी वायरमनला बोलवा, दीड-दोन इंची पाइप टाकून आत ओढायची तार सोडून ठेवा, उद्या केबल बदलायची वेळ आली तर सीलिंग कापावं लागणार नाही. प्रोजेक्टरपर्यंत अंतर दहा मीटरच्या पुढे जात असेल तर साधी एचडीएमआय केबल ४के चित्राला दगा देते, ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. बीमच्या खाली उंची किती उरते ते मात्र सॅम्पल फ्लॅटमध्ये नाही, प्रत्यक्ष त्या फ्लॅटमध्ये जाऊन टेप लावून मोजा आणि इथे टाका, मग छतातल्या स्पीकरच्या जागा ठरवून देतो.