घाटातील धावशर्यतीसाठी हॅम रेडिओचालकांची मदत कशी घ्यावी?

घाटवाट:
आमच्या तालुक्यात पावसाळा सरल्यावर २१ किलोमीटरची धावशर्यत होते. निम्मा मार्ग घाटातून जातो आणि तेथे मोबाइलला रेंज नसते. गेल्या वर्षी एका वळणावर एक धावपटू चक्कर येऊन पडला, तेव्हा आमच्या स्वयंसेवकाला रेंज मिळेपर्यंत दोन किलोमीटर पळत जावे लागले आणि तोवर तो धावपटू रस्त्याकडेला तसाच होता. ते अजून माझ्या मनातून जात नाही. यंदा हॅम मंडळींना, म्हणजे परवाना काढून छंद म्हणून बिनतारी रेडिओ संच चालवणाऱ्यांना, बोलवावे म्हणतो. तयारी काय करावी आणि त्यांना मानधन किती द्यावे?

दोन_मीटर:
मानधन देऊ नका. हॅम रेडिओचा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाकडून परीक्षा दिल्यावर मिळतो आणि त्यावर मोबदला घेऊन संदेश पोहोचवता येत नाहीत. मात्र पोलीस आणि तहसील कार्यालयाला या व्यवस्थेची लेखी कल्पना आताच द्या.

खरी अडचण डोंगराची आहे. आम्ही अशा कामाला बहुधा १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा वापरतो. त्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, त्यामुळे हातातला पाच वॅटचा संच उघड्यावर कितीही चांगला चालला, तरी मध्ये डोंगराची सोंड आली की पलीकडचा आवाज तुटतो. म्हणून दोन्ही बाजू दिसतील अशा माथ्यावर एक अनुभवी चालक बसवावा लागतो, जो खालचा निरोप शब्दशः वर आणि वरचा खाली देतो. ती जागा नकाशावरून ठरवू नका. शर्यतीआधी आम्हाला सगळा मार्ग संच घेऊन फिरू द्या.

सागरकाठ:
कोलकात्यात नोकरीला असताना गंगासागर मेळ्यातील या कामाबद्दल बरेच ऐकले. मकर संक्रांतीला सागर बेटावर लाखो यात्रेकरू येतात आणि त्यांत वाट चुकलेली, स्वतःचा पत्ताही नीट सांगू न शकणारी म्हातारी माणसे असतात. वेस्ट बंगाल रेडिओ क्लबची मंडळी अशांच्या बोलीवरून, गावच्या एखाद्या खुणेवरून त्यांच्या घरच्यांचा शोध लावतात. संच तर हवाच, पण समोरच्याचे शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस त्याहून दुर्मीळ असतो.

घाटवाट:
दोघांचेही मनापासून आभार. आमच्याच स्वयंसेवकांच्या हाती संच दिले तर चालतील का? आणि आजारी धावपटूचे नाव रेडिओवर सांगावे का?

दोन_मीटर:
परवाना नसलेल्याच्या हाती संच देता येणार नाही. तुमचा स्वयंसेवक चालकाशेजारी उभा राहील, धावपटूकडे पाहील आणि निरोप सांगेल. तो पाठवण्याचे काम चालकाचे.

नाव मुळीच सांगू नका. आमचे बोलणे सांकेतिक करण्यास मनाई आहे, त्यामुळे ते कोणीही ऐकू शकतो. छातीवरचा क्रमांक, ठिकाण, तो शुद्धीवर आहे की नाही आणि काय हवे, एवढे पुरते. नावांची यादी नियंत्रण केंद्रात कागदावर राहील. तेथे बसलेला चालक सर्वांना क्रमाने बोलू देतो आणि प्रत्येक निरोप वेळेसह वहीत लिहितो. तातडीचा निरोप आला की बाकीच्यांनी गप्प राहायचे.

शक्य असेल तर रुग्णवाहिकेतही एक चालक बसवा. गेल्या वर्षीच्या त्या वळणावरून निघालेली हाक मग थेट गाडीत ऐकू येईल. मार्गाची पाहणी कोणत्या रविवारी करायची तेवढे कळवा, मी येतो.