मे महिन्यात फायबर ओतायलोय, एकदा मग्यातच घट्ट झालं, एकदा चिकटच राहिलं. काय चुकायलंय?

परभणीकर_स्कूटर:
वडिलांची चेतक परत उभी करायलोय. डाव्या बाजूची डिकी खालून पूर्ण सडली, पत्रा हातात येतो. म्हणून मित्राच्या गाडीच्या चांगल्या डिकीवरून फायबरचा साचा काढला, तो मस्त निघाला. पण पीस काही जमेना. पहिल्या दिवशी दुपारी दोनला अर्धा किलो रेझीन (फायबरचं पातळ राळेसारखं द्रव) मग्यात घेतलं, हार्डनर (ते कडक करणारं रसायन) टाकून ढवळलं आन मॅट (काचेच्या धाग्यांची चादर) कापेपर्यंत मग्यातून धूर, सगळा दगड. दुसऱ्या दिवशी भ्यालो, अंदाजाने चारपाच थेंबच टाकले, तर दोन दिवस झाले, अजून बोटाला चिकटतंय. सामान वाया चाललंय, सांगा काहीतरी.

वाळूज_मोल्डर:
दादा, ऊन आहे म्हणून हार्डनर कमी करायचा नसतो, इथंच सगळे फसतात. रेझीनच्या वजनाच्या १ ते २ टक्के लागतोच, तुम्ही १ टक्का धरा, म्हणजे १०० ग्रॅमला १ ग्रॅम. सोनाराकडं असतो तसला छोटा काटा घ्या, थेंब मोजू नका. १ च्या खाली गेलं की ते कधीच नीट कडक होत नाही, कितीही दिवस थांबा.

बदलायची ती वेळ. पहाटे साडेपाचला सुरू करा, आठला बंद. मॅट आधीच कापून, क्रमाने लावून ठेवा. एका वेळी १५०-२०० ग्रॅमच कालवा, तेही पसरट ट्रेत, मग्यात उष्णता कोंडते म्हणून धूर निघतो. ४५० ची मॅट (चौरस मीटरला ४५० ग्रॅमवाली) असेल तर तीन थर, साधारण ३ मिमी होतं. मॅटच्या वजनाच्या सव्वादोन ते अडीच पट रेझीन पुरतं. प्रत्येक थर रोलरने दाबा, पांढरा ठिपका दिसला की तिथं हवा आहे, ती काढल्याशिवाय पुढचा थर नको.

आत्ताचा पीस नखाने दाबून बघा. आतून टणक आन फक्त वरून चिकट असेल तर तो हवेमुळं आहे, ॲसिटोनने पुसून घ्या. नख रुतत असेल तर खरवडून काढा, त्याच्यावर नवा थर मारू नका.

नांदेड_वर्कशॉप:
वरचं बरोबर. पण एक गोष्ट लई महत्त्वाची, दुकानातून कोबाल्ट (रेझीन लवकर कडक व्हावं म्हणून टाकतात ते) वेगळा दिला असेल तर तो आधी रेझीनमध्ये पूर्ण ढवळा आन मगच हार्डनर टाका. कोबाल्ट आन हार्डनर थेट एकमेकांत कधीच मिसळू नका, आग लागते, स्फोट होऊ शकतो, दोघांचे चमचेसुद्धा वेगळे ठेवा. चष्मा घालाच. हार्डनर डोळ्यात उडाला तर १५ मिनिटं पाण्याने धुवून सरळ दवाखाना गाठा. रुमाल बांधून वास अडत नाही, कार्ट्रिजवाला मास्क लागतो. घरात लेकरं असतील तर गच्चीवर करा.

परभणीकर_स्कूटर:
नखाने बघितलं, रुततंय, म्हणजे खरवडणं आलं. कोबाल्ट वेगळाच दिलाय आन मी दोन्हीला एकच चमचा वापरत होतो!! आजच फेकतो. पीस चिकटू नये म्हणून साच्याला परत वॅक्स मारावं लागंल का?

वाळूज_मोल्डर:
हो, नवा साचा आहे, चारपाच हात मारा, प्रत्येक हात वाळू द्या, मग पीव्हीए (पीस सुटावा म्हणून लावायचं पातळ पापुद्र्याचं द्रव). आन पहिल्यांदा जेलकोट (पीसचा बाहेरचा गुळगुळीत थर), तो बोटाला चिकटेल पण बोटाला लागून येणार नाही इतका झाला की मगच मॅट.



परभणीकर_स्कूटर:
उद्या पहाटेच बसतो. पीस निघाला की फोटो टाकतो.