रेडी ॲक्शन: बाण आधी की मंत्र आधी?

भात्यातला_बाण
डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकून खेळायचा भूमिकांचा खेळ), पाचवी आवृत्ती. आमच्या टेबलावर मिटलं नाही म्हणून इथे मांडते.

शत्रूचा जादूगार पुरता मार खाल्लेला. त्याने लढाईच्या मध्येच हात वर केले, "बोलू या" म्हणाला. आमच्या क्लेरिकला (देवाच्या शक्तीने मंत्र टाकणाऱ्या सोबत्याला) बोलायचं होतं, मला त्याचा भरवसा नव्हता. माझा टर्न आला तेव्हा मी रेडी ॲक्शन घेतली (ठरवलेली घटना, म्हणजे ट्रिगर, घडली की काय करायचं ते आधीच सांगून ठेवणं): "हा मंत्र म्हणायला लागला की बाण सोडते." माझी रेंजर (तिरंदाज पात्र) पाचव्या लेव्हलची आहे. सरळ हल्ला केला असता तर एक्स्ट्रा अटॅकमुळे दोन बाण मिळाले असते. रेडी केल्यावर एकच, कारण दुसरा बाण फक्त स्वतःच्या टर्नमध्ये मिळतो. शिवाय रिॲक्शनही (फेरीत एकदाच मिळणारी झटपट प्रतिक्रिया) त्यातच खर्च. एवढी किंमत मोजून मी थांबले.

त्याच्या टर्नला त्याने फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) टाकला. डीएमचा (खेळ चालवणाऱ्याचा) निर्णय: रेडी केलेली कृती ट्रिगर पूर्ण झाल्यावर होते, म्हणजे आधी फायरबॉल, मग बाण. माझा सेव्ह (बचावाचा फासा) फसला, मी शून्यावर (हिट पॉइंट, म्हणजे जीव दाखवणारे गुण, संपले), आणि बेशुद्ध माणसाला रिॲक्शन नसते. बाण सुटलाच नाही.

माझं म्हणणं: मी "मंत्र टाकला की" म्हणाले नव्हते, "म्हणायला लागला की" म्हणाले होते. नियमानुसार ट्रिगर म्हणजे डोळ्या-कानांना कळेल अशी घटना. मंत्राचा पहिला उच्चार ऐकू येतो. तो उच्चार झाला की माझा ट्रिगर पूर्ण झाला. बाण आधी.

पडद्यामागचा
असहमत. तुमच्या डीएमने बरोबर केलं.

मंत्र टाकणं ही एक ॲक्शन आहे. तिच्या आत "सुरुवात", "मध्य" असे थांबे नियमांनी दिलेले नाहीत. जिथे मध्येच घुसायची मुभा आहे तिथे पुस्तक तसं लिहितं. ऑपॉर्च्युनिटी अटॅक (निसटणाऱ्यावरचा वार) शत्रू तुमच्या टप्प्यातून बाहेर पडण्याच्या आधी होतो, कारण तसं छापलंय. काउंटरस्पेल मंत्राला अडवतो, कारण तेच त्याचं काम. जिथे काही लिहिलेलं नाही तिथे २०१४ च्या डंजन मास्टर्स गाइडचा साधा नियम: रिॲक्शन ट्रिगरनंतर.

आता २०१४ चं मेज स्लेयर फीट (पात्रासाठी निवडायचं खास कौशल्य) बघा. पाच फुटांच्या आत कुणी मंत्र टाकला तर रिॲक्शनने त्याच्यावर वार करता येतो. तो वारसुद्धा मंत्रानंतरच पडतो! त्यासाठी माणूस अख्खं फीट खर्च करतो. तुम्हाला मात्र कुठलंही फीट नसताना, लांबून, मंत्राच्या आधी बाण हवाय.

जुनी_आवृत्ती
या भांडणाचं मूळ पाचव्या आवृत्तीच्या आधीचं आहे. ३.५ आवृत्तीत (२००३) रेडी केलेली कृती ट्रिगरच्या *आधी* व्हायची. मंत्र टाकणाऱ्याला बाण लागला तर त्याला कॉन्सन्ट्रेशन चेक (एकाग्रता टिकते का याचा फासा), गाठायचा आकडा दहा अधिक झालेलं नुकसान अधिक मंत्राची लेव्हल. चुकला की मंत्र गेला. तिरंदाज जादूगारावर नेम धरून बसायचा आणि जादूगार खरोखर घाबरायचा. त्याहून जुन्या खेळात तर मंत्र पुरा होण्याआधी फटका बसला की मंत्र वायाच, चेकबिक काही नाही.

हे सगळं काढून टाकून अडवायचं काम एकट्या काउंटरस्पेलला दिलं. तो तिसऱ्या लेव्हलचा मंत्र. म्हणजे जादूगाराला थांबवायचं तर जादूगारच हवा. मला हा बदल कधीच पटला नाही. धागाकर्तीच्या बाजूने.

वीसचा_फासा
पण पाचव्या आवृत्तीत बाण लागून मंत्र तुटतच नाही ना? एका ॲक्शनचा मंत्र टाकताना कॉन्सन्ट्रेशन लागत नाही. मग बाण आधी की नंतर, याने फरक फक्त जादूगार त्या बाणाने पडणार असेल तरच. २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमधल्या मेजचे (जादूगाराचे) ४० हिट पॉइंट. लाँगबोचा एक डी-आठ (आठ बाजूंचा फासा) आणि वर चार धरला तर सरासरी साडेआठ. द्या की तिला बाण, काय बिघडतं?

भात्यातला_बाण
इथे नेमका तोच फरक होता. त्याचे सात उरले होते, डीएमनेच नंतर सांगितलं. माझा बाण लागता तर बहुधा तो पडला असता.

आणि @पडद्यामागचा, टर्नचे तुकडे तुम्हीही पाडताच. "ऑर्क माझ्याजवळ आला की तलवार" असं मी रेडी केलं, तर तो जवळ येतो, माझी तलवार चालते आणि मग त्याचा हल्ला. हे तुम्ही मान्य कराल. टर्न मधोमध कापला गेला की नाही?

पडद्यामागचा
मान्य करेनच. कारण चालणं आणि हल्ला या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चालणं तोडून तोडून करता येतं, दोन हल्ल्यांच्या मध्येही चालता येतं, तेही पुस्तकात आहे. म्हणून "त्याने माझ्यावर वार केला की" असा ट्रिगर असेल तर पहिल्या वारानंतर आणि दुसऱ्याच्या आधी तुमची रिॲक्शन मी देईन. सांधा जिथे आहे तिथे कापा. फायरबॉलला सांधा नाही.

गॉब्लिन_हितवर्धक
सगळे फक्त खेळाडूच्या बाजूने विचार करताहेत. जो नियम रेंजरला तोच माझ्या गॉब्लिनना. सहा गॉब्लिन, सहा धनुष्यं, सगळ्यांचा ट्रिगर एकच: "टोपीवाल्या बाईने मंत्र म्हणायला सुरुवात केली की." तुमची विझार्ड तोंड उघडते आणि सहा बाण. गॉब्लिनला एक्स्ट्रा अटॅक नसतोच, त्यामुळे रेडी करताना तो फार काही गमावत नाही. दर लढाईत असं करू? माझी तयारी आहे 😈

जुनी_आवृत्ती
करा. आम्ही असेच खेळायचो. विझार्डच्या पुढे ढालवाला उभा राहायचा, आडोसे शोधले जायचे, कोण कुठे उभं आहे याला अर्थ होता. आता विझार्ड मोकळ्या मैदानात उभी राहून आठ-आठ फासे फेकते.

वीसचा_फासा
गॉब्लिनचा मुद्दा बिनतोड आहे, मी मागे घेतो. पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत हे जास्त बरं जमलंय असं वाटतं. तिथे टर्नला तीन ॲक्शन, त्यातल्या दोन रेडीला जातात. आणि फायटरचा (योद्ध्याचा) रिॲक्टिव्ह स्ट्राइक (रिॲक्शनने केलेला वार) क्रिटिकल (खास जोरात) लागला तर हातवारे लागणारी कृती मोडतेही. पण ते क्रिटिकललाच, आणि हाताच्या अंतरावरून. घासाघीस करून काढलेली मधली वाट.

पडद्यामागचा
तिथे ती वाट पुस्तकात लिहिली आहे, हाच तर फरक. २०२४ च्या नव्या प्लेअर्स हँडबुकमध्ये बरंच बदललं. सरप्राइज झालेल्याचा पहिला टर्न आता बुडत नाही, फक्त इनिशिएटिव्हला (टर्नचा क्रम ठरवणाऱ्या फाशाला) डिसॲडव्हान्टेज (दोनदा टाकून कमी आकडा धरायचा). काउंटरस्पेलला आता समोरच्याचा कॉन्स्टिट्यूशन (शरीराच्या दमाचा) सेव्ह. पण रेडी ॲक्शन अजूनही "ट्रिगर संपल्यावर"च. दहा वर्षं लोक यावर भांडले आणि तरी त्यांनी ते वाक्य हलवलं नाही.

भात्यातला_बाण
ठीक. मग सांधा मी दाखवते. फायरबॉलला वस्तू लागते: वटवाघळाची विष्ठा आणि गंधक. (ज्याने हे पहिल्यांदा लिहिलं त्याला दंडवत.) माझा ट्रिगर: "त्याचा हात झोळीकडे गेला की." हात हलणं ही मंत्राच्या आधीची, डोळ्यांनी दिसणारी, स्वतंत्र घटना. आता?

वीसचा_फासा
हाहा. झोळीऐवजी कांडी असेल तर?

भात्यातला_बाण
मग "कांडी उचलली की". त्याच्या हातात काय आहे ते मला दिसतंय.

पडद्यामागचा
काटेकोर वाचलं तर झोळीत हात घालणं हा मंत्राचाच भाग, त्यासाठी वेगळी ॲक्शन नाही. तरी माझ्या टेबलावर हा ट्रिगर मी देईन, कारण यात तुम्हीही काहीतरी पणाला लावताय. हात झोळीकडे गेला की मी तुम्हाला विचारणार, "सोडताय?" ट्रिगर सोडून देण्याची मुभा आहेच. पण तो आत गंधक शोधतोय की तहासाठी पांढरं फडकं, हे मी तेव्हा सांगणार नाही.

भात्यातला_बाण
सोडते.

गॉब्लिन_हितवर्धक
आणि क्लेरिक आयुष्यभर बोलणार नाही तुमच्याशी.