मदत हवी आहे: ग्लूटेन (गहू-जवातलं प्रथिन) न चालणाऱ्यांसाठी चिकाच्या पावडरीची 'टेस्ट', भाग घ्यावा का?

घोडबंदरवाली

आमच्या सोसायटीत (कासारवडवली) रविवारी एका डेअरीवाल्यांचा स्टॉल लागला होता. तूप, पनीर नेहमीचंच, पण सोबत गाईच्या चिकाची पावडर भरलेल्या कॅप्सूल होत्या. 'ग्लूटेन न सोसणाऱ्यांसाठी, शंभर टक्के नैसर्गिक' म्हणे. सध्या 'टेस्टिंग' चालू आहे आणि त्यांना माणसं हवी आहेत. दोन महिने माल फुकट. जेवणाआधी अर्धा तास कॅप्सूल घ्यायची, मग गव्हाची एक पोळी खायची आणि पोटाचं काय झालं ते त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचं.

आमच्या घरात गिऱ्हाईकं दोन. धाकटे दीर सिलियॅकचे पेशंट, म्हणजे ग्लूटेन पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्याला इजा करतं. रक्तात टीटीजी (या आजारात वाढणारं प्रतिपिंड) वाढलेलं होतं, एंडोस्कोपीत तुकडा काढून निदान पक्कं झालं, तेव्हापासून गहू आणि जव पूर्ण बंद. दुसरी मी. पोळी खाल्ली की पोट तट्ट फुगायचं, म्हणून गहू सोडून ज्वारीवर आले. बरं वाटतं. तपासणी मात्र एकही केलेली नाही.

भाऊजींना मोह पडलाय. लग्नसराई तोंडावर आहे आणि पंगतीत नुसता वरणभात खाऊन ते विटलेत. "वहिनी, दुधाचंच तर आहे, अपाय काय होणार?" सासूबाई त्यांच्याच बाजूने: खरवस खाऊन कधी कोणाला काय झालंय!

चिकातलं नेमकं काय ग्लूटेनला आवर घालतं, असं मी स्टॉलवर विचारलं. "आतड्याला आतून लेप बसतो," इतकंच उत्तर मिळालं. मला पटलं नाही, पण घरी नाही म्हणायला ठोस कारणही नाही. आम्ही दोघांनी काय करावं? आणि अशी टेस्ट खरी की नुसती जाहिरात, हे कसं ओळखायचं?

नेरूळची आई

भाऊजींना अजिबात घेऊ देऊ नका. भीती कॅप्सुलीची नाही हो, पोळीची आहे. माझा मुलगा सिलियॅक आहे. 2007 मध्ये एक अभ्यास झाला होता, त्यात रोज फक्त 50 मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर आतड्यातल्या अंकुरांवर (अन्न शोषून घेणाऱ्या बारीक उंचवट्यांवर) परिणाम दिसला. 30 ग्रॅम कणकेच्या एका पोळीत अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन असतं. म्हणजे पोळीचा पन्नासावा तुकडासुद्धा रोज नको, आणि हे आख्खी पोळी खायला सांगताहेत.

वर गंमत अशी की पोट दुखेलच असं नाही. भाऊजी ग्रुपवर 'आज काही त्रास नाही' लिहितील, बाकीचे अंगठे दाखवतील, आणि आत झीज चालूच राहील. त्या अंकुरांच्या टोकांवरच दूध पचवणारं लॅक्टेज तयार होतं, त्यामुळे झीज झालेल्यांना पुष्कळदा दूधही सोसत नाही. मग पोट बिघडलं तर ते पोळीने की पावडरीने, हे कोण ठरवणार?

स्लाइडवाला

पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, डॉक्टर नाही. चिकात वासराला रोगांपासून वाचवणारी प्रतिपिंडं असतात, लॅक्टोफेरिन नावाचं प्रथिन असतं, वाढीचे घटक असतात. पौष्टिक आहेच. पण सिलियॅक म्हणजे शरीराची स्वतःच्याच आतड्यावर चढाई, तिला लेप काय थोपवणार? ग्लूटेन पोटातच तोडणारी विकरं, आतड्याच्या फटी घट्ट करणारं लॅराझोटाइड नावाचं औषध असं बरंच करून पाहिलंय. लॅराझोटाइडची तिसऱ्या टप्प्याची चाचणी 2022 मध्ये थांबवावी लागली, कारण फायदा दिसेना. आजही उपाय एकच, ग्लूटेन बंद.

खऱ्या चाचणीत निम्म्यांना दिसायला हुबेहूब तशीच पण बिनऔषधी कॅप्सूल देतात आणि कोणाला कोणती मिळाली हे घेणाऱ्यालाही माहीत नसतं, देणाऱ्यालाही नाही. फुकट मिळालेली वस्तू, ग्रुपवरची वाहवा, एवढ्यानेही पुष्कळ लोकांना बरं वाटतं. नीतिसमितीची मंजुरी आणि लेखी संमतिपत्र मागा. सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत चाचणीचा क्रमांक आहे का विचारा. तो कोणालाही ऑनलाइन शोधता येतो. 'एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा संस्थेचा) परवाना आहे' असं सांगतील, पण तो अन्न म्हणून विकण्यापुरता, गुण येतो याचा दाखला नव्हे.

आता तुमचं. गहू सोडल्यावर टीटीजी केलं तर ते खोटंच नॉर्मल येऊ शकतं, ते गहू खात असतानाच करायचं असतं. म्हणून डॉक्टरांना आधी एचएलए डीक्यू2/डीक्यू8 या जनुकतपासणीबद्दल विचारा. तिला पथ्य आड येत नाही. दोन्ही नसतील तर सिलियॅक जवळजवळ बाद. असतील तर मात्र लगेच घाबरू नका, पुष्कळ निरोगी लोकांतही ती असतात. आणि त्रास ग्लूटेनचाच, हे कशावरून? 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ओस्लोच्या अभ्यासात, स्वतःहून गहू सोडलेल्या 59 जणांना, कशात काय घातलंय ते न सांगता, खाण्याचे वेगवेगळे बार दिले. जास्त त्रास गव्हातल्या फ्रुक्टान नावाच्या कर्बोदकाने झाला, ग्लूटेनने नाही. फ्रुक्टान कांद्यात आणि लसणातही असतं. कांदा-लसणाच्या मसाल्याची आमटी खाल्ली की पोट फुगतं का, जरा पाहा.

खरवसप्रेमी

अवांतर: कॅप्सुलीत चीक भरणाऱ्यांना पाप लागेल. चीक वेलची-जायफळ घालून वाफवावा, वड्या पाडाव्यात आणि गप खावा.

घोडबंदरवाली

सगळ्यांचे आभार. स्टॉलवाल्यांना संमतिपत्र आणि नोंदणी क्रमांक विचारला. "मॅडम, हे फूड आहे, औषध नाही, कागद लागत नाहीत," एवढंच. पोळीच्या पन्नासाव्या तुकड्याचं गणित दाखवल्यावर भाऊजी गप्प झाले. सासूबाई अजून गप्प झालेल्या नाहीत. मी पुढच्या आठवड्यात डॉक्टरांकडे एचएलएचं विचारते. आमटीचं म्हणाल तर हो, फुगतं!

एक उपप्रश्न: आमचा गिरणीवाला गव्हावरच ज्वारी टाकतो. भाऊजींसाठी ठाण्यात वेगळं दळून देणारं कोणी आहे का?

नेरूळची आई

त्या नादी लागू नका, घरगुती चक्की घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. आणि हिंगाची डबी उलटी करून वाचा. बांधानी (पीठ मिसळून तयार केलेल्या) हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. आमच्याकडे हे कळेपर्यंत रोजच्या फोडणीतून गहू पोटात जात होता. खडा हिंग आणा. मेतकूट आणि थालीपिठाची भाजणीही विकतची नको, दोन्हींत गहू घालतात.