दोणीतले हे मासे कुठले? गप्पी सोडू की नको?

आगरवाली: गुहागरकडे आमचं आगर आहे. रहाट जाऊन पंप आला तरी विहिरीजवळची दगडी दोण भरलेलीच असते आणि तिच्यात मासे आहेत. आम्ही सोडलेले नाहीत. पावसात पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी पाटात शिरतं, त्यातून आले असावेत. आता गावात डासांसाठी गप्पी मासे वाटणार आहेत, दोणीतही सोडा म्हणतात. त्याआधी आहेत ते कोण, हे कळायला हवं.

बोटाएवढे आहेत. डोकं वरून चपटं, तोंड वरच्या बाजूला, आणि कायम अगदी पाण्याच्या वरच्या थरात. डोक्यावर मधोमध पांढरा ठिपका, उन्हात टिकलीसारखा चमकतो. मागच्या अर्ध्या अंगावर उभे काळे पट्टे. काहींच्या पाठीवरच्या पराच्या मुळाशी काळा डाग आहे, काहींना नाही. म्हणजे दोन जाती?

एका जुन्या पुस्तकात असंच चित्र 'पँचॅक्स लिनिएटस, कुळ सायप्रिनोडोंटिडी' म्हणून आहे. नेटवर मात्र 'अ‍ॅप्लोकायलस लिनिएटस, कुळ अ‍ॅप्लोकायलिडी'. खरं कुठलं?

खाडीकाठचा: तळून बघा, चवीवरून सांगतो 😄

मत्स्यवेडा: एवढ्याशा माशात काट्यांशिवाय काय मिळणार, दादा!

ताई, मासा एकच, नावं दोन. १८४६ मध्ये व्हॅलेन्सिएन्न यांनी त्याला पँचॅक्स प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, घातलं, पण त्या गटाला मॅक्लेलंड यांनी १८३९ मध्येच अ‍ॅप्लोकायलस हे नाव दिलेलं होतं. आधीचं नाव टिकतं, असा नियमच आहे. कुळाचं म्हणाल तर १९८१ मध्ये लिन पॅरेंटी यांनी या गटाची वंशावळ नव्याने मांडली, तेव्हा ते वेगळं निघालं. जुनी पुस्तकं त्याआधीची.

डागवाली मादी. तिचे पट्टेही जास्त नि रुंद. नराच्या अंगावर सोनेरी ठिपक्यांच्या ओळी दिसतील. पट्टे नसते आणि डाग नर-मादी दोघांना असता, तर अ‍ॅप्लोकायलस पँचॅक्स म्हटलं असतं.

गप्पी याच गणातला (गण म्हणजे कुळांचा मोठा गट), पण कुळ वेगळं, मूळ दक्षिण अमेरिकेतला, आणि पिल्लं देणारा. तुमचे अंडी घालतात. अंडी चिकट धाग्यांनी शेवाळाला लटकतात, पंधरवड्याच्या आत फुटतात. डासांच्या अळ्या हेही मटकावतात, वर राहतात म्हणून तर जास्तच. माझं मत विचाराल तर दोणीत गप्पी नकोतच. पाऊस आला की तेच पाटातून पऱ्यात जाणार.

आगरवाली: नेमके सोनेरी ठिपके आहेत, आत्ताच पाहून आले! एकच अडचण. दोण होळीच्या आधी उपसून घासतो. तेवढ्यापुरते घमेल्यात ठेवले तर?

मत्स्यवेडा: घमेल्यात नको, एका उडीत बाहेर पडतील. झाकणाचं पिंप घ्या, अर्धंच भरा, पाणी दोणीतलंच, आणि थोडं शेवाळ. घासताना सगळं शेवाळ मात्र खरवडू नका, अंडी त्यातच असतात.